नंबर तीनची हाक

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमची धाकटी बहीण दरवर्षी वर्ध्याकडून नागपूरला आमच्या घरी येते. आदल्या दिवशी येते, रात्री आम्ही सारे दीक्षाभूमीवर जाऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पंगती उठल्या की ती परत जाते. २०२४ साली ती आली ती हातात वर्तमानपत्राची घडी घेऊनच. चप्पल काढण्याआधी तिने ती आमच्यापुढे धरली. नाशिकजवळ देवळालीला, तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात, १० ऑक्टोबरला सराव चालू असताना गोळा फुटला आणि दोन अग्निवीर ठार झाले. दोघांची वये वीस-एकवीस.

"दादा, माझं पोरगंही वीसचंच आहे," ती म्हणाली.

तिचा मुलगा म्हणजे आमचा भाचा. त्याचे वडील तो लहान असतानाच आजारपणात गेले. पाचवीपासून तो शिकायला आमच्याकडेच होता. २०२३ साली अग्निवीर म्हणून भरती झाला, सागरच्या महार रेजिमेंट सेंटरमध्ये प्रशिक्षण झाले, कसम परेड झाली आणि तो पलटणीत गेला. पलटणीत त्याला मॉर्टर प्लाटूनमध्ये घातले. मॉर्टर म्हणजे उखळी तोफ. त्याचे कॅडर, म्हणजे पलटणीतले शिक्षण, त्याच वेळी सुरू होते. चार वर्षांची नोकरी, त्यात चौथ्या हिश्शाच्या आसपास मुले कायम होणार. आणि एवढ्यासाठी पोराने तोफेच्या तोंडाशी का उभे राहावे, असा बहिणीचा सवाल होता.

तिचे म्हणणे सरळ होते. आम्ही कारकून. गेली वीस-बावीस वर्षे वस्तीतल्या लोकांचे रेशन कार्डापासून पेन्शनपर्यंतचे अर्ज लिहून देतो, मोर्चे काढतो, सभेत बोलतो. तेव्हा आम्ही एक चांगला अर्ज लिहावा आणि भाच्याला त्या उखळी तोफेवरून काढून स्टोअरमध्ये, लंगरमध्ये, नाहीतर लिखापढीच्या कामात टाकावे. आम्ही त्याच रात्री अर्ज लिहायला घेतला. विषय, संदर्भ, महोदय, सगळे जागच्या जागी. खाली बहिणीने सही करायची, एवढेच बाकी होते.

बाबा कोपऱ्यातल्या खाटेवर बसून हे पाहत होते. आमचे बाबा चौऱ्याहत्तरीचे. ते महार रेजिमेंटच्याच एका पलटणीत मॉर्टर प्लाटूनला होते, नाईक म्हणून निवृत्त झाले. त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला आहे. त्यांच्या काळी कानात कापसाचा बोळा घालीत, तो निम्म्या वेळी गळून पडे. त्यामुळे घरात कोणी हळू बोलले तर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पण अर्ज हा शब्द त्यांना बरोबर ऐकू आला.

"काय लिहून राहिला?" त्यांनी विचारले. आम्ही मोठ्याने सांगितले. त्यांनी अर्ज मागितला, चष्मा लावून वाचला, परत दिला आणि म्हणाले, "देवळालीची ती तोफखान्याची तोफ. आपलं उखळ वेगळं. आधी समजून तर घ्या, काय शिकवून राहिले त्याले."

येथे वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. पायदळात बहुतेक जवानांच्या हाती रायफल असते. ते पुढे सरकत असताना त्यांना मागून किंवा बाजूने आधार देणारी जी जड शस्त्रे असतात, म्हणजे मध्यम मशीनगन, उखळी तोफ, रणगाड्यावर मारा करणारी अस्त्रे, त्यांना सपोर्ट वेपन म्हणतात. ती एकट्याने चालत नाहीत. प्रत्येकामागे माणसांची टोळी लागते, टोळीत प्रत्येकाला नंबर असतो आणि प्रत्येक नंबराचे काम ठरलेले असते. एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर येते. रायफलवाला चुकला तर बहुधा एकटा चुकतो, येथे टोळी चुकते.

आणि आमच्या समाजाचा या शस्त्रांशी संबंध जुना आहे, हेही पुष्कळ तरुणांना ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ती उघडावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच काही वर्षांत मोडलीही. पुढे १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, १९४२ साली कामठीला दुसरी. या दुसरीत आमचे आजोबा भरती झाले. १९४६ साली रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले आणि १९६३ पर्यंत ती तशीच राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन दिसतात, त्या विकर्स मशीनगन. आज या रेजिमेंटमध्ये सर्व प्रांतांची, सर्व जातींची मुले असतात. बिल्ल्यावरची मशीनगन तेवढी राहिली आहे.

आजोबा १९९६ साली गेले तेव्हा आम्ही अठरा वर्षांचे होतो. त्यांची विकर्स आम्ही पाहिली नाही, पण इतक्या वेळा ऐकली की ती घरातल्या शिवणयंत्रासारखी ओळखीची वाटते. तिच्या नळीभोवती पत्र्याचे जाड कवच असे आणि त्यात चार लिटरच्या आसपास पाणी. तीन-चार मिनिटे सलग गोळ्या सुटल्या की पाणी उकळू लागे. वाफ रबरी नळीतून डब्यात जाई आणि थंड होऊन तेच पाणी पुन्हा कवचात ओतता येई. वाफ वर दिसली तर शत्रूला जागा कळते, म्हणून ही व्यवस्था. मशीनगन पंधरा किलोच्या घरात, तिची तिकटी त्याहून जड, बावीस-तेवीस किलो. गोळ्यांचा कापडी पट्टा अडीचशेचा. एक जण चालवी, दुसरा पट्टा सरळ धरी, बाकीचे पाणी, पेट्या वाहात. आजोबा म्हणत, "गावात आमच्या हातचं पाणी कोणाले चालत नव्हतं. विकर्सले चालत होतं."

पण त्यांची खरी आठवण आमच्या घरात राहिली ती दुसऱ्याच कारणाने. विकर्स रिकामी करताना बाजूची मूठ दोनदा ओढावी लागे. एकदा ओढून भागत नसे, आत गोळी राहू शके. उस्तादाने ही गोष्ट त्यांच्या हाडात अशी भरली होती की निवृत्तीनंतरही ते दाराची कडी दोनदा पाहत, कंदील दोनदा फुंकत, बैलाचे दावे दोनदा ओढून बघत. आजीला याचा कंटाळा येई. आमच्या घरात अजूनही कोणी कुलूप ओढून पाहिले की "विकर्सवाला" म्हणून हसतात. बाबा मात्र हसत नाहीत. त्यांच्या मते शस्त्राचे शिक्षण म्हणजे हेच. नेम धरणे नंतरचे.

तर त्या रात्री बाबा उठले, मोरीमागून नळाच्या कामातला उरलेला पाईपचा तुकडा आणला आणि टॉर्चमधला सेल काढला. पाईप फरशीवर तिरपा धरला. "ही नळी. खाली ही बेस प्लेट, पुढे दोन पायांचा बायपॉड. तीन ओझी, तीन माणसं उचलतात." मग सेल वरून सोडला. तो घसरत खाली जाऊन टक् करून फरशीला लागला. "बॉम्ब असा वरून सोडायचा. चार किलोच्या आसपास. खाली टोक असते, त्यावर शेपटीतलं कार्ट्रिज आपटते, पेटते, बॉम्ब जातो. याच्यात घोडा दाबायची गरज नाही. म्हणूनच जपायचं. सोडला की सोडला."

बहिणीला त्यांनी जवळ बसवून घेतले आणि एकेक गोष्ट सांगू लागले. पहिल्या दिवसांत खरा बॉम्ब कोणी हातात देत नाही. लाकडा-लोखंडाचे ड्रिलचे बॉम्ब असतात. डोळ्यांवर फडके बांधून तोफ जोडायला लावतात, सोडवायला लावतात. आज जो नंबर एक, तो उद्या तीन. सगळ्यांना सगळे आले पाहिजे. जागा निवडताना आधी वर बघायचे, झाडाची फांदी आहे का, विजेची तार आहे का. जमीन मऊ असेल तर बेस प्लेट धसते आणि नेम हलतो, खडक असेल तर उसळते. हुकूम आला की तो मोठ्याने परत उच्चारायचा. मनातल्या मनात ऐकलेला हुकूम चालत नाही. लांब मारायचे की जवळ, त्यावर बॉम्बच्या शेपटीला लावायचे जादा चार्ज ठरतात. किती लावले ते कमांडरला दाखवल्याशिवाय बॉम्ब नळीकडे जात नाही. एक चार्ज जास्त राहिला तर गोळा मैदान ओलांडून कोणाच्या तरी शेतात जाईल. बॉम्ब सोडला की हात नळीच्या कडेने खाली आणायचा आणि डोके तोंडाच्या खाली झुकवायचे.

शेवटची गोष्ट ऐकून आम्हाला फार मौज वाटली. बॉम्बच्या नाकात सुरक्षा पिन असते. ती सोडण्याच्या आधी काढतात. बाबांच्या टोळीत काढलेली पिन फेकायची नाही असा नियम होता. बॉम्ब तयार करून देणारा नंबर तीन, त्याने पिन आपल्या मुठीत ठेवायची. मुठीतल्या पिना आणि उडालेले बॉम्ब यांचा मेळ बसला पाहिजे. आम्ही बी.कॉम. झालेलो, आयुष्य व्हाउचर आणि रोकडवही जुळवण्यात गेले. लष्करातही कीर्द-खतावणी असते हे आम्हाला ठाऊक नव्हते! आम्ही तसे म्हणालोही. बाबा हसले नाहीत.

थोडा वेळ ते पाईपकडेच बघत राहिले. मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही घरात कधीही ऐकले नव्हते. आईलाही त्यांनी सांगितले नसावे.

१९७६ सालचा हिवाळा. पलटण फील्ड फायरिंगला गेली होती. बाबा नंबर दोन, म्हणजे बॉम्ब सोडणारे. नंबर तीनला नुकताच आलेला एक पोरगा होता, मिसरूडही न फुटलेला. शेजारी पंचवीस-तीस पावलांवर दुसरी तोफ. हुकूम आला, तीन गोळे, जलद. पहिला सोडला, गेला. दुसरा सोडला. त्याच क्षणी शेजारची तोफ धडाडली. धूर, आवाज, मागून टोळीचा कमांडर "जल्दी, जल्दी" करतो आहे. पोराने तिसरा बॉम्ब हातात दिला. बाबांनी तो नळीच्या तोंडाशी नेला.

"बॉम्ब गेला की पायाखालची जमीन दणकते," बाबा म्हणाले. "दुसऱ्या वेळेला मले दणका लागलाच नव्हता. मले समजलं होतं. मनात आलं, हा गेला नसंल. पण कमांडर वरून ओरडून राहिला. तो जुना माणूस, मी काल-परवाचा. त्याले कसं म्हणू थांब म्हणून? मी हात पुढे नेला."

आम्ही आणि बहीण दोघेही गप्प.

"त्या पोट्ट्यानं आरोळी ठोकली, 'स्टॉप!' अशी ठोकली की शेजारची तोफही थांबली. मूठ वर करून दाखवली. तीन पिना मुठीत. म्हणते, साब, तीन पिना आहेत, एक हातात, एक गेला. दुसरा कुठं आहे?"

दुसरा नळीत होता.

पुढचे त्यांनी हळूहळू सांगितले. तिसरा बॉम्ब बाजूला नेला. बाकीचे आडोशाला गेले. ठरलेला वेळ थांबले. नळीला लाथ मारून पाहिली, पुन्हा थांबले. मग नळीचे बूड बेस प्लेटमधून सोडवून सावकाश वर उचलायचे असते आणि नंबर दोनने तोंडाशी दोन्ही हातांची ओंजळ धरायची असते, बोटे तोंडापुढे न आणता कडेला ठेवून. बूड एकदा वर उचलले की बॉम्ब हाती येईपर्यंत खाली आणायचे नाही. तो परत घसरून टोकावर आपटेल. बाबांनी ओंजळ धरली. बॉम्ब घसरत आला आणि त्यांच्या हातात बसला. कार्ट्रिजवर टोल्याची खूण होती, पण ते पेटले नव्हते. सर्द झाले असावे. पोराने मुठीतली एक पिन काढून दिली, ती नाकात परत घातली. कमांडरने आधी सगळ्यांना शिव्या घातल्या. संध्याकाळी मात्र रोलकॉलला साऱ्या प्लाटूनसमोर त्या पोराची पाठ थोपटली.

"आणि तुम्ही?" बहिणीने विचारले.

"मी काय? मी चूपच होतो. मले शंका आली होती, हे मी कमांडरले सांगितलं नाही, पोट्ट्यालेही नाही. आज तुमाले सांगून राहिलो."

आम्ही नंतर या विषयावर थोडे वाचले. नळीत एक बॉम्ब असताना दुसरा टाकणे हा उखळी तोफेवरचा जगभरचा घातक प्रमाद आहे. १८ मार्च २०१३ रोजी अमेरिकेत, नेवाडा राज्यातल्या हॉथॉर्न येथे रात्रीच्या सरावात ६० मिलिमीटरच्या मॉर्टरपाशी असाच स्फोट झाला आणि सात मरीन सैनिक मारले गेले. चौकशीत निष्कर्ष निघाला की बॉम्ब टाकणाऱ्यांनी ठरलेली पद्धत पाळली नव्हती. त्याबरोबरच हेही निघाले की त्या सरावाआधी त्या टोळीची जितकी तयारी करून घ्यायला हवी होती तितकी घेतली गेली नव्हती. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. अमेरिकेसारख्या देशाला पैसा कमी नाही, साधने कमी नाहीत; कमी पडली ती तालीम.

बाबांची गोष्ट संपल्यावर बहीण एवढेच म्हणाली, "सोनेगावच्या लोकायले कोणी काहीच शिकवलं नव्हतं." तिला काय म्हणायचे आहे ते आम्हाला समजले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तिच्याच जिल्ह्यात, पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या मैदानावर, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवत असताना स्फोट झाला. सहा माणसे गेली. त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. ना नंबर, ना उस्ताद, ना ड्रिलचा लाकडी बॉम्ब. पेटी उचलायची आणि संध्याकाळी पैसे घ्यायचे. सैनिकाच्या हातात जी वस्तू महिनोन्‌महिने शिकवल्याशिवाय देत नाहीत, तिच्याच पेट्या गरिबाच्या डोक्यावर जातात. हा विषय वेगळा आहे आणि मोठा आहे. पण बहिणीच्या मनात त्या रात्री तो आला, म्हणून येथे लिहिला.

आमच्या मनात मात्र दुसरेच काही आले होते आणि ते सांगताना आम्हाला संकोच होतो.

२०१४ सालची गोष्ट असेल. भाचा दहा वर्षांचा. आमच्या घरी वस्तीतल्या अभ्यासिकेची बैठक चालू होती, आठ-दहा माणसे बसली होती. विषय होता, आपल्या मुलांनी अन्यायापुढे गप्प बसू नये, बोलायला शिकावे. आम्ही रंगात येऊन बोलत होतो. भाचा आतून आला, दाराशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मामा, गॅसचा वास येऊन राहिला." आम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालो, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये." तो उभा राहिला थोडा वेळ आणि निघून गेला. पंधरा-वीस मिनिटांनी आमची पत्नी शेजारून आली, ती एकदम ओरडतच बाहेर आली; स्वयंपाकघरात वास कोंडलेला होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण बंद होते, खिडकीही उघडी होती. आपणच जाता जाता बटण बंद केले असेल, असे ती म्हणाली. तिने आम्हाला चार शब्द ऐकवले. पाहुण्यांत हसे झाले आणि विषय संपला.

विषय संपला असे आम्हाला वाटले होते. बाबांच्या तोंडून तो हात नळीच्या तोंडाशी गेल्याचे ऐकले तेव्हा तो दाराशी उभा असलेला मुलगा आमच्या डोळ्यांपुढे आला. सालस आहे, उलट बोलत नाही, वर मान करत नाही, म्हणून त्याचे आम्ही चारचौघांत कौतुक करीत असू. आम्हीच त्याला तसा घडवला. आणि आता तो ज्या कामावर आहे तेथे शेवटच्या नंबरानेही वरच्याला थांबवायचे असते.

बाबा १९७८ साली मॉर्टरच्या कोर्ससाठी महूच्या इन्फन्ट्री स्कूलला गेले होते. सुभेदार रामजी जेथे लष्करी शाळेत शिकवीत, जेथे १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब जन्मले, तेच महू. बाबा रविवारी काली पलटनच्या बाजूला फिरून आले. तेव्हा तेथे आजचे स्मारक नव्हते. त्या कोर्सहून परतल्यावर ते स्वतः पलटणीत नव्या मुलांना शिकवू लागले. शिकवताना ते काय करीत, हे त्यांनी आम्हाला त्या रात्रीच सांगितले. पहिल्या दिवशी तोफ दाखवायचीच नाही. एकेका पोराला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे करायचे आणि "स्टॉप" ओरडायला लावायचे. या टोकाला ऐकू येईल तोवर जागचे हलू द्यायचे नाही. काही पोरांचा आवाजच निघत नसे. "गावात पाटलापुढं ज्याच्या बापाचा आवाज निघाला नाही, त्या पोराचा इथं कसा निघंल?" बाबा म्हणाले. "दोन-दोन दिवस लागत."

भाच्याचा फोन रविवारी येतो. तोवर बहीण आमच्याकडेच राहिली. अर्ज आमच्या फायलीत, सही व्हायचा. फोन आला तेव्हा बहिणीने जेवण-खाण, थंडी, कपडे सगळे विचारून घेतले. देवळालीचे नाव तिने काढले नाही, त्यानेच काढले. पलटणीत सगळ्यांना ठाऊक होते. उस्तादांनी दोन दिवस पुन्हा सगळे ड्रिल पहिल्यापासून घेतले, असे तो म्हणाला.

मग आम्ही फोन घेतला. काय बोलावे सुचेना. सभेत तास तास बोलणारे आम्ही, भाच्याशी दोन वाक्ये बोलताना घसा कोरडा पडला. म्हणालो, "तुला तो गॅसचा दिवस आठवतो का रे? बैठकीचा?"

"आठवतो ना मामा."

"आमचं चुकलं त्या दिवशी. तू सांगत होतास ते आम्ही ऐकायला हवं होतं."

तो थोडा हसला. "जाऊ द्या ना मामा. बटण मी बंद केलं होतं. स्टुलावर चढून खिडकीही उघडली होती."

दहा वर्षे आम्ही ते श्रेय पत्नीला देत आलो. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, तिनेही ऐकले. काही बोलली नाही.

फोन स्पीकरवर होता. बाबांना अर्धेमुर्धे ऐकू आले असावे, कारण त्यांनी हात पुढे करून फोन मागितला, डाव्या कानाशी नेला आणि म्हणाले, "बाबू, तिथं बटण नसते बरं. चुपचाप जाऊन बंद करायले तिथं काही नसते."

"हो आबाजी. माहीत आहे."

"काय म्हणतं?"

"माहीत आहे म्हटलं."

"पिना मोजते का?"

"मोजतो आबाजी."

"आणि नाही जुळल्या तर काय म्हणतं?"

"स्टॉप म्हणतो." त्याच्या मागे बराकीतला गलबला ऐकू येत होता. आजूबाजूला पोरे असणार, त्याला लाज वाटत असावी.

"ऐकू नाही आलं," बाबा म्हणाले.

"स्टॉप."

"नाही आलं बाबू."

एक क्षण काहीच आवाज नाही. मग फोनमधून अशी आरोळी आली की बाबांनी तो कानापासून दूर धरला. बहिणीच्या हातात पोह्यांची ताटली होती, ती हिंदकळली. मागची पोरे हसायला लागली, कोणीतरी तसेच ओरडून त्याची नक्कल केली.

"आलं," बाबा म्हणाले आणि फोन बहिणीकडे दिला.

दुसऱ्या दिवशी ती वर्ध्याच्या गाडीत बसली. अर्ज अजून आमच्या फायलीत आहे. तिने तो मागून नेला नाही, आणि फाडून टाक असेही म्हणाली नाही.